उन्हाची चूल

जोडभावी पेठेत चंद्रव्वाच्या भाकरीला नाव होतं. ज्वारीची, कागदासारखी पातळ भाकरी. आधी तव्यावर भाजायची आणि मग निखाऱ्यापुढं उभी करून कडकडीत वाळवायची. मोडली की पापडासारखी वाजायची. बाजारात माल घेऊन आलेले गावोगावचे लोक परतताना तिच्या दारात थांबायचे आणि फडक्यात चवड बांधून न्यायचे. पेठेतल्या दोन खानावळींनाही तिच्याच भाकरी जायच्या. एकुलती एक लेक पार्वती लग्न होऊन दुधनीला गेली आणि चंद्रव्वाचा सगळा दिवसच चुलीपुढं जाऊ लागला. "हात रिकामा असला की मला करमत न्हाय," असं ती म्हणायची.

तिचा नवरा संगप्पा शिवणकाम करायचा. रस्त्याला लागून त्याचं एवढंसं दुकान होतं. शाळेच्या खाकी चड्ड्या, गिरणीतल्या लोकांचे लेंगे, कधीमधी एखाद्या लग्नातला कोट. माणूस बोलायला कमी, पण हाती घेतलेलं काम जिवाला लावून घेणारा. गिऱ्हाइकाच्या काखेत शिवण टोचली, तर रात्री त्यालाच झोप यायची नाही.

चंद्रव्वाला खोकला लागला तेव्हा दोघांनीही तो मनावर घेतला नाही. चुलीपुढं बसणाऱ्या बाईला खोकला असायचाच. आधी थंडीत यायचा आणि शिमग्याला जायचा. मग शिमगा सरला तरी जाईना. पुढं पुढं पाण्याची घागर उचलली की तिला भिंतीला टेकून उभं राहावं लागायचं. बोलता बोलता वाक्य मधेच तुटायचं, ती हातानं "थांबा" अशी खूण करायची आणि दम मिळाला की उरलेलं वाक्य पुरं करायची. एके दिवशी बोलताना तिनं खूणसुद्धा केली नाही, नुसती गप्प बसून राहिली. तेव्हा संगप्पानं दुकान बंद केलं आणि तिला टांग्यात घालून सिव्हिल हॉस्पिटलात नेलं.

त्याच्या मनात टी.बी.ची धास्ती होती. छातीचा फोटो काढून झाला. तो हातात पडेपर्यंत संगप्पा सिद्धरामेश्वराला मनातल्या मनात नवस बोलत होता. डॉक्टरांनी फोटो खिडकीच्या उजेडात धरला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "टी.बी. नाही."

संगप्पानं हात जोडले.

"हात जोडू नका," डॉक्टर म्हणाले. माणूस वयस्क होता आणि बोलण्यात कडवटपणा नव्हता. "टी.बी. असता तर सुया दिल्या असत्या, गोळ्या दिल्या असत्या, दीड वर्षात बाई बरी झाली असती. हे धुराचं दुखणं आहे. इतकी वर्षं चुलीपुढं बसून छाती आतून गेली आहे. गेली ती परत येत नाही. राहिली आहे तेवढी सांभाळायची."

"मग औषध?"

"दम लागला की घ्यायला गोळी देतो. पण औषध एकच, धूर बंद. घरात चूल पेटवायची नाही. ते जमलं नाही तर माझ्या गोळ्यांचा काही उपयोग नाही."

टी.बी. नसल्याचा आनंद हॉस्पिटलच्या फाटकापर्यंतही पुरला नाही.

घरी आल्यावर चंद्रव्वा म्हणाली, "चूल बंद म्हंजे? खायचं काय मग?"

"बघतो की मी," संगप्पा म्हणाला. आणि त्या दिवसापासून तो खरोखरच बघायला लागला.

साल एकोणऐंशीचं उजाडत होतं. रॉकेलची बोंब होती. कार्डावर मिळायचं ते रॉकेल स्टोला चार दिवस पुरायचं, आणि त्यासाठी रेशनच्या दुकानापुढं डबे ओळीनं मांडून अर्धा दिवस बसावं लागायचं. शिवाय स्टोच्या वासानंही चंद्रव्वाला ढास लागायची. गॅसच्या एजन्सीत जाऊन त्यानं नाव घातलं. तिथल्या माणसानं नाव लिहून घेतलं आणि "नंबर आल्यावर कळवू," म्हणाला. कधी येईल असं विचारल्यावर तो नुसता हसला. हसण्यात वाईट काही नव्हतं, त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं. विजेची शेगडी घ्यावी म्हटलं, तर चाळीचे मालक गुरुलिंगअप्पा म्हणाले, "संगप्पा, एका दिव्याची वायर हाय ती. शेगडी लावलास तर आख्खी चाळ अंधारात जाईल बे." तेही खोटं नव्हतं.

संक्रांतीला गड्ड्याची जत्रा भरली. होम मैदानावर पाळणे आले, भांड्यांची दुकानं लागली, आणि पार कोपऱ्यात एका संस्थेनं उन्हावर चालणाऱ्या चुली मांडल्या. कुणीतरी दुकानात बसल्या बसल्या ती बातमी सांगितली. संगप्पानं शिवायला घेतलेली चड्डी तशीच सुईखाली ठेवली आणि उठला.

तिथं महिपती नावाचे एक तरुण मास्तर होते. कुठल्याशा कॉलेजात शिकवायचे. डोक्याला उपरणं गुंडाळून, घामाघूम होऊन ते येईल त्याला समजावून सांगत होते. दोन प्रकार होते. एक पेटी होती, आतून काळी, वर दुहेरी काच आणि झाकणाला आरसा. सकाळी डाळतांदूळ आत ठेवले की दुपारपर्यंत शिजतात, जवळ बसायला नको, फुंकायला नको. दुसरी छत्री होती. उलटी धरल्यासारखी मोठी चकचकीत छत्री, मधोमध भांडं ठेवायला कडं. तिच्यावर मास्तरांनी बघता बघता चहाचं आधण उकळून दाखवलं.

ना विस्तव, ना धूर. संगप्पा बघतच राहिला. सोलापुरात बाकी कशाची टंचाई असेल, उन्हाची कधी होती? जे ऊन उभा जन्म अंगावर घेतलं, ज्याला शिव्या घातल्या, तेच उपयोगी पडणार होतं. त्या रात्री तो कितीतरी महिन्यांनी पोटभर जेवला.

दुसऱ्या दिवशी तो चंद्रव्वाला घेऊन आला. ती थांबत थांबत, तोंडाला पदर लावून मैदानावर पोचली. पेटी पाहिली, छत्री पाहिली, आणि एकच गोष्ट विचारली, "भाकरी व्हती का ह्याच्यावर?"

मास्तर जरा अडखळले. "पेटीत नाही होणार, बाई. पेटीत सगळं सावकाश शिजतं. छत्रीवर तवा ठेवता येईल. पण खरं सांगू का, भाकरी करून बघितलेली नाही कुणी."

"मग मी करून बघते की."

लोकांना जत्रेत आणि काय हवं? गर्दी झाली. समोरच्या भांडीवाल्यानं परात दिली, कुणीतरी पीठ आणलं. चंद्रव्वा खाली मांडी घालून बसली. तिचा तळवा पिठावर पडला आणि तो ठेका सुरू झाला, तशी संगप्पाला ती पुन्हा धडधाकट दिसायला लागली. भाकरी गोल, पातळ, नजर लागावी अशी उतरली. मास्तरांनी छत्री सूर्याकडं नीट वळवून तवा ठेवला. तवा तापला. चंद्रव्वानं भाकरी टाकली आणि वरून पाण्याचा हात फिरवला.

भाकरी तिथंच बसून राहिली. वाऱ्याची झुळूक आली की तव्याचा ताव उतरायचा. मास्तर छत्री हलवायचे, पुन्हा ताव चढायचा, पुन्हा वारा यायचा. उलटायला वाकलं की छत्रीचा लखलखाट डोळ्यांत घुसायचा, चंद्रव्वाच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. अखेर निघाली ती भाकरी नव्हतीच, चामड्यासारखं काहीतरी होतं. ना फुगली, ना भाजली, नुसती वाळली. लोक हसले नाहीत. ते जास्त वाईट झालं.

चंद्रव्वा पदरानं डोळे पुसत उठली. मास्तरांचा चेहरा पडला होता, तो बघून तिलाच कसंसं झालं. "तुमचं काय चुकलं न्हाय, बाबा," ती म्हणाली. "उन्हाला घाई न्हाय, अन् भाकरीला घाई असतीय."

त्यानंतर आठवडाभर संगप्पा रोज गड्ड्यात जात होता. छत्री घ्यायची तर दुकानातलं एक मशीन विकावं लागलं असतं, आणि तरी भाकरी झाली नसती. पेटीही साठलेल्या पैशात बसत नव्हती. जत्रा उठायची वेळ आली तसा त्याचा जीव कासावीस झाला. शेवटी त्यानं मास्तरांना भीतभीत विचारलं, "आमच्या शेजारी हाशम म्हणून पत्र्याच्या पेट्या करणारा हाय. त्यानं बघून अशी केली, तर तुमचं काही..."

"अहो, करू द्या की!" मास्तर म्हणाले. "माप घेऊन जा. आरसा कसा लावायचा ते मी समजावतो त्यांना. उन्हावर कुणाची मालकी आहे का?"

हाशमनं जीव ओतून पेटी केली. लग्नाच्या ट्रंका करणारा कारागीर तो. पत्र्याला पत्रा असा बसवला की सांध्यातून वारा जाऊ नये. दोन पत्र्यांच्या मधे भुस्सा ठासून भरला, काच बसवली, आतून काळा रंग दिला. मजुरी विचारली तर म्हणाला, "सामानाचं द्या संगप्पाभाई, बाकी राहू द्या. भाभीच्या हातच्या भाकऱ्या खाल्ल्यात आमी."

पेटी आली आणि संगप्पानं चुलीतली राख काढून ती सारवून बंद केली. भाकरी बंद. खानावळींना निरोप गेला. तव्याला तेलाचा हात लावून चंद्रव्वानं तो फळीवर पालथा घातला.

खाली चौकात ऊन जेमतेम दुपारी उतरायचं. चारी बाजूंनी खोल्या, मधे अंगण, त्यात हौद. म्हणून पेटी गच्चीवर ठेवायची ठरली. गुरुलिंगअप्पांनी हरकत घेतली नाही. पण गच्चीला जायचा जिना दगडी, उंच पायऱ्यांचा, एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला काही नाही. पहिल्या दिवशी चंद्रव्वा डाळीचं भांडं घेऊन चढायला लागली आणि मधेच बसली. पुढं जाता येईना, मागं येता येईना. ओठ काळेनिळे पडले. संगप्पानं भांडं बाजूला ठेवलं आणि तिला पाठुंगळी घेऊन खाली आणलं. चालणं, वाकणं, दळण निवडणं हे सगळं ती अजून करू शकत होती. चढणंच तेवढं तिच्या हातचं राहिलं नव्हतं, आणि ऊन वर होतं.

या जिन्याचा विचार त्यानं केला नव्हता. इतक्या जणांना विचारलं, आठवडाभर जत्रेत उभा राहिला, आरशाचा कोन समजून घेतला, आणि घरातल्या जिन्याकडं बघितलंच नाही. पुढं कितीतरी दिवस या एका गोष्टीनं त्याला झोपू दिलं नाही.

मग तो स्वतःच वर जायला लागला. सकाळी चंद्रव्वा डाळतांदूळ धुऊन भांड्यात घालून द्यायची, हा वर नेऊन ठेवायचा. दुकानातून मधेच उठून यायचा, पेटी सूर्याकडं फिरवायचा आणि परत पळायचा. गिऱ्हाईक खोळंबायचं. पण फाल्गुन-चैत्रात डाळ अशी मऊ शिजायची की चमच्यानं हलवली तरी मोडायची. वैशाखात तर भात दुपारच्या आत तयार. चंद्रव्वाचा खोकला बराच उतरला. रात्री ती सलग झोपायला लागली. शेजारची दगडाबाई म्हणायची, "लई चांगलं केलासा संगप्पा. बायकूसाठी असं कोण करतंय?"

संगप्पाला बरं वाटायचं. पण तो जेवताना चंद्रव्वाकडं बघायचा. ती भात चिवडायची. ज्वारीवर वाढलेलं पोट भातानं भरत नव्हतं. एकदा त्यानं बाजारातून भाकरी आणली. तिनं ती हातात घेतली, काठ बोटांत धरून बघितला, तोडून त्याच्या ताटात वाढली आणि स्वतः भातच घेतला.

"खा की," तो म्हणाला.

"दुसऱ्याच्या हातची हाय," ती म्हणाली. त्यात राग नव्हता. असं बघा, पेठ जिच्या हातची भाकरी खायची, तिनं विकतची खायची म्हणजे काय, ते संगप्पाला समजत होतं. तो पुन्हा भाकरी आणायच्या भानगडीत पडला नाही.

दुपारी तो पेटी फिरवायला यायचा तेव्हा ती उंबऱ्यात बसलेली दिसायची. मांडीवर दोन्ही हात, तळवे वर. काही मागत असल्यासारखे, पण ती काही मागत नव्हती.

श्रावण लागला आणि आभाळ भरून आलं. तिकडं पाऊस म्हणावा तसा पडत नाही, नुसतं झाकोळून येतं, दिवसच्या दिवस सूर्य दिसत नाही. पेटीत ठेवलेली डाळ संध्याकाळी काढली की तळाशी दाणे तसेच. स्टोला रॉकेल होतं तोवर ती पुन्हा उकळून घेतली. मग रॉकेल संपलं. रेशनच्या दुकानावर "माल नाही" अशी पाटी लागली. संगप्पा रोज वर जाऊन आभाळाकडं बघायचा. आभाळापुढं काय कुणाचं चालतंय? आगीतून उठून फुफाट्यात पडल्यासारखं झालं होतं. निदान आगीशी भांडता तरी येत होतं.

कच्चं-पक्कं खाऊन त्याचंच पोट बिघडलं. जुलाब लागले, ताप चढला. दोन दिवसांत असा गळाठला की उठून मोरीपर्यंत जायचं तर भिंत धरावी लागायची. तिसऱ्या दिवशी दुपारी ग्लानीतून जागा झाला आणि त्याला वास आला. ओल्या सरपणाचा, धुमसणाऱ्या शेणीचा वास. मान वळवली तर चंद्रव्वा चुलीपुढं बसलेली.

"चंद्रा," तो म्हणाला. आवाज नीट फुटेना. "चंद्रा, नको गं."

"गप पडा. तीन दिस पोटात अन्न न्हाय तुमच्या. पेज करायलेय. अन् पिठाला हात लावलाच हाय तर दोन भाकरी टाकते."

"डॉक्टर काय म्हणालेत?"

"डाक्टर जेवू घालणार हाय का तुमाला?"

त्यानं उठायचा प्रयत्न केला. पाय खाली सोडले, डोळ्यांपुढं अंधारी आली आणि तो पुन्हा बाजेवर आडवा झाला. दगडाबाईला हाक मारावी म्हटलं तर ती नळावर गेलेली. धूर आधी छताला चिकटला, मग हळूहळू खाली उतरला. त्यात चंद्रव्वा पुसट पुसट होत गेली. फक्त भाकरी थापल्याचा ठेका ऐकू येत होता. मधेच तो थांबायचा, ती खोकायची, आणि ठेका पुन्हा सुरू व्हायचा. एकदा धूर जरा हटला तेव्हा त्याला तिचं तोंड दिसलं. ती सुखात होती. ते बघून त्याच्या तोंडातलं पुढचं "नको" तोंडातच राहिलं.

तिनं पेज पाजली. भाकरी मोडून, ताकात कुस्करून भरवली. कितीतरी महिन्यांनी तिच्या हातची भाकरी पोटात गेली आणि संगप्पाच्या डोळ्यांतून पाणी आलं. ती म्हणाली, "धुरानं डोळे झोंबायलेत का?" तो "व्हय" म्हणाला.

तो बरा होईपर्यंत तिनं चूल पेटती ठेवली. तो उठून दुकानात गेला आणि ती पडली. हाशमनं हातगाडी आणून तिला हॉस्पिटलात नेलं, तिथं तिच्या नाकाला ऑक्सिजनची नळी लावली. डॉक्टर तेच होते. त्यांनी संगप्पाला बाजूला घेऊन विचारलं, "चूल बंद केली होती ना?"

"केली होती जी. मी आजारी पडलो तेव्हा..."

"तुम्हाला दोष देत नाही मी," डॉक्टर म्हणाले. "घरात बाकी धूर कुठला?"

"न्हाय जी. दुसरा कुठला असणार?"

चंद्रव्वा आठवड्यानं घरी आली. आता ती उशांना टेकून बसूनच झोपायची. संगप्पानं दुकान अर्धवेळ केलं. एके संध्याकाळी तो तिच्याजवळ बसला होता, घरातली चूल गार होती, तरी तिला ढास लागली. त्यानं मान वर केली. खिडकीतून दगडाबाईच्या चुलीचा धूर येत होता. दारातून पलीकडच्या खोलीतल्या शेगडीचा. वरच्या झरोक्यातून आणखी कुणाचा. चाळीत सगळ्यांच्या चुली एकाच वेळी पेटायच्या, आणि चारी बाजूंनी भिंती असलेल्या त्या चौकातून धूर जाणार कुठं? इतकी वर्षं तो याच धुरात बसून संध्याकाळचा चहा प्यायला होता. तो त्याला कधी दिसलाच नव्हता.

त्यानं खिडकी लावली. दार लावलं. आत कोंडल्यासारखं झालं, चंद्रव्वानं हातानं "उघडा" म्हणून खूण केली. त्यानं दार उघडलं. पुन्हा लावलं. पुन्हा उघडलं.

दुसऱ्या दिवशी तो दगडाबाईकडं गेला आणि कसंबसं बोलला. दगडाबाई चांगली बाई. ती म्हणाली, "अगं बया! मला सांगायचं न्हाई का आधी?" आणि तिनं चूल उचलून बोळात मांडली. दोन दिवस बोळात स्वयंपाक केला. तिसऱ्या दिवशी पाऊस आला, चूल भिजली, पोरं उपाशी रडायला लागली. ती आपली चूल आत घेताना संगप्पाकडं बघेना. तोच तिला शेणीचा हारा उचलू लागला. बाकीच्या घरांना काय सांगणार होता तो? आख्ख्या पेठेला सांगायचं, की माझी बायको श्वास घेतीय, तुमी जेवू नका?

दसऱ्याला पार्वती आईला बघायला आली. तिचं घर दुधनीच्या बाहेर, मळ्यात. स्वयंपाकाचं छप्पर घरापासून लांब आणि चारी बाजूंनी मोकळं. तिनं आईची अवस्था बघितली आणि वडिलांना कानडीत म्हणाली, "मी अव्वाला नेते."

"किती दिवस?" संगप्पानं विचारलं.

पार्वती आईची लुगडी गाठोड्यात बांधायला लागली. त्यानंही पुन्हा विचारलं नाही. तो दुकान सोडून जाऊ शकत नव्हता. मळ्यात शिवणकाम कोण देणार, आणि जावयाच्या घरी किती दिवस खाणार?

स्टेशनवर चंद्रव्वाला पूल चढवेना. हमालानं सामानाच्या गाडीवर बसवून रुळांवरून पलीकडं नेलं. ती गाडीवर बसलेली, मांडीवर गाठोडं, डोईवर पदर, बाजारला निघाल्यासारखी. संगप्पा बाजूनं चालत होता आणि गाडी हिसकली की तिच्या पाठीला हात लावत होता.

डब्यात खिडकीशी बसल्यावर तिला जरा दम मिळाला. ती म्हणाली, "तुमी काय खाणार?"

"भात टाकीन की पेटीत. आता ऊन पडायलंय."

"भातानं तुमचं पोट भरत न्हाय." ती थांबली. हातानं "थांबा" अशी खूण केली. तो थांबला. पार्वती तोंड फिरवून बाहेर बघायला लागली. "खानावळीत जावा. पण तिथली भाकरी जाड असतीय. मधलं काढून टाका. काठ तेवढा खावा."

"व्हय."

"पोटाला जपा."

"व्हय गं."

त्याला पुष्कळ बोलायचं होतं. छत्री घ्यायला हवी होती का, पेटी चौकातच ठेवून दुपारच्या उन्हावर भागलं असतं का, त्या दिवशी बाजेवरून खाली पडून तरी आपण तिला अडवायला हवं होतं का. कुठून कसं वागलो असतो तर हे असं झालं नसतं, ते त्याला तिला विचारायचं होतं, जणू तिलाच ते ठाऊक होतं. पण ती दम राखून होती आणि तिनं उत्तर द्यायला श्वास खर्च करावा असं त्याला वाटेना. गाडी हलली. तो खिडकीला धरून थोडं चालला, मग फलाट संपला.

चंद्रव्वा त्यानंतर सोलापुरात राहायला आली नाही. मळ्यातल्या मोकळ्या वाऱ्यात ती आणखी दोन वर्षं जगली. पार्वती म्हणायची की अव्वाला तिथं बरं होतं, फक्त चुलीकडं जाऊ दिलं नाही की ती रुसायची. संगप्पा दर रविवारी गाडीनं जायचा आणि संध्याकाळी परत यायचा. गेला की दोघं मळ्यात कडुनिंबाखाली बसायची. फारसं बोलायची नाहीत, बोलण्यानं तिला दम लागायचा. तो तिच्या शेजारी बसून तिचा श्वास ऐकायचा, आत जाणारा आणि बाहेर येणारा, आणि गाडीची वेळ झाली की उठायचा.